थेंबांनी सह्याद्री का कोरला जात नाही? (सिम्युलेशनचं गाडं अडलंय)

थेंबेथेंबे (धागाकर्ता) | शुक्रवार, रात्री १२:५०

नमस्कार मंडळी,

दिवसा बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो, रात्री डोंगर. गेले तीन महिने पाण्याने जमीन कशी झिजते याचं सिम्युलेशन लिहितोय. आता अशा जागी अडकलोय की कोड बरोबर आहे, चित्र देखणं येतंय, आणि तरीही जे यायला हवं ते येत नाहीये.

ज्यांना या भानगडीची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जमीन म्हणजे आकड्यांचा एक चौकोनी तक्ता, प्रत्येक घरात त्या जागेची उंची. त्यावर कुठेही एक थेंब टाकायचा. थेंबाकडे चार गोष्टी असतात: जागा, वेग, पाणी आणि पोटातला गाळ. दर पावलाला तो उताराच्या दिशेने एक घर सरकतो. उतार, वेग आणि पाणी यांच्या गुणाकारावरून त्याची गाळ वाहण्याची कुवत ठरते. पोटातला गाळ कुवतीपेक्षा कमी असेल तर थेंब जमीन खरवडतो, जास्त झाला की खाली टाकतो. समोर चढ आला तर खड्डा भरतो. दर पावलाला थोडी वाफ होते आणि ३० पावलांनी थेंब संपतो. एवढंच. असे दोन-तीन लाख थेंब टाकले की सपाट गोळ्याला घळी, सोंडा, पायथ्याचे पंखे (गाळाचे पसरट ढीग) फुटायला लागतात. पहिल्यांदा ते पडद्यावर उमटलं तेव्हा बायकोला झोपेतून उठवून दाखवलं होतं. ती म्हणाली, "छान आहे, झोप आता."

सुरुवातीला जमिनीवर नुसते सुळके आणि खड्डे यायचे. एका पावलात थेंब जेवढा उतरला त्याहून जास्त खोल तो खणत होता, म्हणजे पुढच्या थेंबासाठी उलटा चढ तयार. खणण्यावर उंचीतल्या फरकाची मर्यादा घातली, आणि एका घराऐवजी आजूबाजूच्या तीन घरांच्या त्रिज्येत खरवडणं वाटून दिलं. मग गाडी रुळावर आली.

आता मूळ दुखणं. मला सह्याद्री हवाय. नासाच्या अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये ११ दिवस रडारने पृथ्वीची उंची मोजली होती. ती माहिती ३० मीटरच्या जाळ्यात फुकट मिळते. त्यातून हरिश्चंद्रगड ते नाणेघाट हा पट्टा तुलनेसाठी उतरवून घेतला. माझ्याकडे सुरुवातीला पूर्वेकडे किंचित कललेलं पठार, पश्चिमेला एकदम खाली कोकण, वर थोडा खडबडीतपणा. ५१२ गुणिले ५१२ घरं, म्हणजे साधारण १५ किमी बाजूचा चौरस.

अडीच लाख थेंबांनंतर जे येतं ते आल्प्सचं पोस्टकार्ड. धारदार कणे, निमुळती शिखरं, व्ही आकाराच्या दऱ्या. ना सपाट माथा, ना कडा, ना माची. सगळे आकडे फिरवून पाहिले: जडत्व, झिजेचा वेग, बाष्पीभवन. पोस्टकार्ड बदलतं, आल्प्स तसाच राहतो.

कोणता आकडा फिरवू?

---

बटाटेवडा | शनिवार, सकाळी ७:१५

वाखूसा (वाचनखूण साठवली). कळलं काहीच नाही, पण "झोप आता" आवडलं.

---

रेडीमेड | शनिवार, सकाळी ९:०२

चाकाचा शोध पुन्हा कशाला? ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये, गेम बनवायच्या इंजिनांमध्ये हे एका बटणावर होतं. टेरेस नावाचा फिल्टर लावा, पायऱ्या येतील. पाच मिनिटांचं काम.

---

थेंबेथेंबे | शनिवार, सकाळी ९:४०

@रेडीमेड, तो फिल्टर उंचीला ठरावीक टप्प्यांत कापतो. पायऱ्या येतात, पण नदीचं पात्रही पायरीपायरीने कापलं जातं आणि केकचे तुकडे मांडल्यासारखं दिसतं. मला पायऱ्या रंगवायच्या नाहीत, पाण्याने पडलेल्या हव्यात. हौस आहे हो, डेडलाइन नाही.

---

नळीची_वाट | शनिवार, दुपारी १:२०

मला कोडमधलं ओ की ठो कळत नाही, पण त्या पट्ट्यात वीस-बावीस वर्षं पाय झिजवलेत. म्हणून पायांना काय कळतं ते सांगतो.

हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या बेलपाड्यातून वर बघ. डोंगर एकसारखा चढत नाहीच. आधी जंगलाची तिरकी उतरण, मग कातळटप्पा, तो चढलास की गवताचा सपाट पट्टा. त्या पट्ट्यावरून डोंगराला आडवं चालत सुटता येतं, तासन् तास. मग पुन्हा कातळ, पुन्हा पट्टा. वाट हरवली की आमचा नियम सोपा: पट्टा सोडायचा नाही, आडवं जायचं, कुठेतरी नाळ (डोंगरातली उभी चीर) सापडते आणि नाळेतून वर. समोरच्या डोंगराकडे बघितलं तर तिकडचे पट्टेही ह्याच उंचीवर दिसतात. मधे आख्खी दरी आहे, तरी रेघ जुळते.

तुझ्या चित्रात ही रेघ जुळत नाहीये. बाकी मला माहीत नाही.

---

कातळकन्या | शनिवार, संध्याकाळी ६:०५

वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य हेच उत्तर आहे. मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवते, आणि हे वाक्य मी पुढच्या वर्षी वर्गात वापरणार आहे (श्रेय देऊन).

थेंबेथेंबे, तुम्ही विचारताय पाण्याचा कोणता आकडा फिरवू. पाण्याचा कोणताच नको. तुमचा डोंगर एकाच पदार्थाचा आहे, आतून बाहेरून सारखा, साबणाच्या वडीसारखा. साबण झिजला की आल्प्सच होणार.

सह्याद्री म्हणजे लाव्हाच्या थरांची उतरंड. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा भेगांमधून आला आणि थरावर थर पसरत गेला. पश्चिमेकडे घाटाजवळ या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते, पूर्वेकडे विदर्भात जाताना ती कमी कमी होत जाते. थर जवळजवळ आडवे आहेत, म्हणून दरीच्या दोन्ही बाजूंची रेघ जुळते. याला ट्रॅप म्हणतात तो शब्दसुद्धा स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आलाय. म्हणजे नाव ठेवणाऱ्यांना पहिली गोष्ट दिसली ती पायऱ्याच.

आता प्रत्येक थराच्या आत बघा. मधला भाग घट्ट, काळा, उभ्या सांध्यांचा (म्हणजे उभ्या भेगांचा). हा सावकाश झिजतो, आणि झिजतो तेव्हा सांध्यांवरून उभा ढलपा निसटतो, म्हणून कडा उभाच राहतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, त्या भोकांत नंतर पांढरी खनिजं भरलेली. हा भुसभुशीत होतो आणि तिथे उतार मंदावतो. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला असेल तर मध्ये तांबडा, विटकरीसारखा मातकट थर सापडतो. तो सगळ्यांत कच्चा. पाणी सांध्यांतून खाली झिरपतं, या थरावर अडतं, आडवं बाहेर येतं, तांबडा थर पोखरला जातो आणि वरचा काळा कातळ अधांतरी होऊन कोसळतो.

तेव्हा झीज होण्याची सहजता हा एकच आकडा सगळीकडे ठेवू नका. तो उंचीवर अवलंबून ठेवा. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर बरं का, जमिनीपासूनच्या खोलीवर नाही.

---

थेंबेथेंबे | शनिवार, रात्री ९:३०

ताई, साष्टांग. तीन महिने मी साबण घासत होतो.

आज रात्रीच घालतो. दहा ते चाळीस मीटर जाडीचे थर, प्रत्येकात खालचे दोन तृतीयांश कठीण, वरचा एक तृतीयांश मऊ, मधूनच एखादा तांबडा.

---

थेंबेथेंबे | रविवार, दुपारी ३:१०

आलं! आणि गेलं.

पहिले पन्नास हजार थेंब पडेपर्यंत काय पायऱ्या दिसत होत्या म्हणून सांगू. मग हळूहळू पायथ्याशी विचित्र गोष्टी दिसायला लागल्या: गाळाच्या पंख्यांवरही कडे! नदीने काल टाकलेली वाळू आज काळ्या कातळासारखी टणक. कोड वाचल्यावर कपाळाला हात लावला. कठीणपणा उंचीवरून ठरतोय, आणि थेंबाने ज्या उंचीवर गाळ टाकला त्या उंचीला माझ्या यादीत बेसॉल्ट (हाच तो लाव्हाचा काळा कातळ) लिहिलेला आहे. म्हणजे गाळ पडताक्षणी दगड!

आता दोन तक्ते ठेवलेत. एक कातळाची उंची, दुसरा त्यावर साचलेल्या सुट्या मालाची जाडी. थेंब आधी सुटा माल उचलतो, तो संपला तरच कातळाला हात लावतो. टाकताना फक्त दुसऱ्या तक्त्यात टाकतो.

---

नळीची_वाट | रविवार, दुपारी ३:२५

त्या सुट्या मालाला घसारा म्हणतात. तक्त्याचं नाव बदल.

---

थेंबेथेंबे | रविवार, दुपारी ३:२७

बदललं. कोडमध्ये खरंच 'घसारा' आहे आता.

---

पाटकरी | रविवार, रात्री ८:४५

निवृत्त अभियंता आहे, आयुष्य नद्या, कालवे आणि पुलांच्या पायांत गेलं. आपला उपक्रम स्तुत्य आहे. परंतु दोन-तीन मूलभूत बाबी निदर्शनास आणून देणे आवश्यक वाटते.

पहिली. आपला थेंब ३० पावलांनी संपतो असे आपण लिहिले आहे. जाळे ३० मीटरचे. म्हणजे थेंबाचे आयुष्य ९०० मीटर. त्र्यंबकला उगम पावणारी गोदावरी, अरबी समुद्र जेमतेम ८० किमीवर असताना, पाठ फिरवून १,४६५ किमी चालत जाते. आपल्या नियमाने ती गावाबाहेरही पडणार नाही.

दुसरी बाब अधिक गंभीर. आपले थेंब एकमेकांना ओळखत नाहीत. ओढा आणि नदी यांत फरक असतो तो एकत्र आलेल्या पाण्याचा. आपल्याकडे दोन लाख एकटे थेंब आहेत, नदी एकही नाही. म्हणून आपल्या दऱ्या वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंद दिसतात. चित्र नीट पाहा.

तिसरी बाब काळाची. अडीच लाख थेंब म्हणजे किती वर्षे? याला आपल्या रचनेत उत्तरच नाही.

---

थेंबेथेंबे | रविवार, रात्री १०:००

काका, चित्र नीट पाहिलं. खरंय. दऱ्या सारख्याच रुंद आहेत. आता हे दिसल्यावर दुसरं काही दिसत नाहीये, वैताग!

मग पाण्याची खरी समीकरणं सोडवू का? उथळ पाण्याची, सां-व्हनांची? जीपीयू (ताकदवान ग्राफिक्स कार्ड) आहे माझ्याकडे.

---

पाटकरी | सोमवार, सकाळी ६:३०

सोडवू शकाल, पण हिशोब करा. सां-व्हनां यांनी ती समीकरणे १८७१ मध्ये मांडली आणि ती आजही आमच्या धंद्याचा पाया आहेत. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांचे हेक-रास, डच लोकांचे डेल्फ्ट-थ्रीडी, ही पाण्याच्या प्रवाहाची सॉफ्टवेअर सगळी त्याच घराण्यातली. अडचण अशी की संगणकावर सोडवताना काळाचे पाऊल मनाला येईल तेवढे टाकता येत नाही. लाट एका पावलात एका घरापेक्षा पुढे गेली की गणित फुटते. हे कुरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी यांनी १९२८ मध्येच, म्हणजे संगणक नसताना दाखवून दिले.

आपले घर ३० मीटर. पाणी ३ मीटर खोल धरा, लाटेचा वेग सेकंदाला ५.४ मीटर. प्रवाहाचा वेग २ मीटर मिळवा, झाले ७.४. म्हणजे एका पावलाला चार सेकंद. एका वर्षासाठी पाऊण कोटीहून जास्त पावले. आपल्याला सह्याद्री हवा आहे, म्हणजे लाखो वर्षे. आपला जीपीयू आणि आपण, दोघेही तेवढे टिकणार नाही.

एका पुरात पुलाचा पाया किती उघडा पडेल, याला ती समीकरणे. डोंगराच्या आयुष्याला वेगळा नियम लागतो. तिथे पाण्याची खोली, वेग काही मोजायचे नाही. प्रत्येक घरात वरून किती क्षेत्राचे पाणी येते ते मोजा. मग झिजेचा वेग म्हणजे कातळाचा आकडा, गुणिले पाणलोट क्षेत्राचे वर्गमूळ, गुणिले उतार. एवढ्या ओबडधोबड नियमात काळाचे पाऊल हजार वर्षांचेही घेता येते.

---

वाशिष्ठीकाठ | सोमवार, सकाळी ११:१५

धाग्यात घुसतोय, रागावू नका. मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला आमच्या घरात पाणी कुठवर होतं त्याची रेघ भिंतीवर अजून आहे, रंग दिलेला नाही मुद्दाम. त्यानंतर नदीतला गाळ काढायचं काम झालं. बाजारात रोज वाद: एकजण म्हणतो गाळ काढला की पूर गेला, दुसरा म्हणतो पैसे पाण्यात. पाटकरी काका, तुमची समीकरणं काय म्हणतात?

---

पाटकरी | सोमवार, दुपारी ४:५०

रागावण्याचे कारण नाही, याच प्रश्नासाठी ही समीकरणे आहेत.

दोघेही थोडे बरोबर. रुंद पात्रात पाण्याचा विसर्ग खोलीच्या पाच-तृतीयांश घाताने वाढतो. उतार आणि रुंदी तीच ठेवून ४ मीटरच्या जागी ५ मीटर खोली मिळाली, तर तेच पात्र सुमारे ४५ टक्के अधिक पाणी वाहून नेईल. एक मीटर गाळाची ही किंमत आहे, ती लहान नाही.

पण 'उतार तोच ठेवून' हे शब्द पुन्हा वाचा. आपली नदी खाली खाडीला मिळते. भरतीच्या वेळी खालची पातळी समुद्र ठरवतो, नदी नाही. त्या पट्ट्यात तळ खणला तर खड्ड्यात खारे पाणी उभे राहील, पुराच्या पाण्याला मिळणारा उतार फारसा वाढणार नाही. म्हणून खाडीच्या वरच्या भागात, जिथे बेटांनी आणि उंचवट्यांनी पात्र अडले आहे, तिथे काढलेला गाळ जास्त उपयोगी. खाली तितका नाही. आणि जो काढला तो पुढच्या पावसाळ्यांत वरून पुन्हा येणार, कारण डोंगर तिथेच आहेत. गाळ काढणे हे दाढी करण्यासारखे आहे, एकदा करून भागत नाही.

आणखी एक. हे सगळे प्रतिमान पात्राच्या मोजलेल्या आडव्या छेदांवर चालते. छेद जुने असतील तर संगणक अत्यंत आत्मविश्वासाने जुन्या नदीचा पूर दाखवतो. पूररेषांच्या नकाशावरची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, पण त्या रेषा ज्या दिवशी काढल्या त्या दिवसाच्या पात्राच्या असतात.

---

वाशिष्ठीकाठ | सोमवार, संध्याकाळी ७:३०

दाढीचं बाजारात सांगतो उद्या. दोघांनाही गप्प करेल.

---

धरणाचीवाडी | सोमवार, रात्री ९:१०

गाळाचा विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे उन्हाळ्यात धरणातला गाळ ट्रॅक्टरने शेतात नेतात, 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'वाला. मी पण नेलाय. एक गंमत: फुगवट्याच्या शेपटीला, जिथे नदी धरणात शिरते, तिथे रेती मिळते. भिंतीच्या अंगाला लोण्यासारखा चिकट गाळ. नदी एकच, मग माल वेगळा का? आणि तुमच्या कॉम्प्युटरला हे कळतं का?

---

पाटकरी | सोमवार, रात्री १०:२०

उत्तम निरीक्षण. थांबलेल्या पाण्यात कण बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाने बदलतो. दहा मीटर खोल पाणी धरा. ०.१ मिमीचा रेतीचा कण सुमारे वीस मिनिटांत तळाला जातो. ०.०१ मिमीच्या कणाला सव्वा दिवस लागतो. ०.००१ मिमीच्या चिकणमातीच्या एकट्या कणाला चार महिने. प्रत्यक्षात चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, म्हणून थोडे लवकर. रेती शिरताक्षणी बसते, चिकणमाती पाण्याबरोबर भिंतीपर्यंत फिरून येते.

धागाकर्त्यांच्या संगणकाला हे कळत नाही, कारण त्यांच्याकडे गाळ एकाच जातीचा आहे.

---

थेंबेथेंबे | सोमवार, रात्री १०:२२

होय, माझ्याकडे सगळा गाळ एकाच मापाचा. यादीत टाकतो. यादी आता कोडपेक्षा लांब झालीय.

---

शिवणेकर | मंगळवार, सकाळी १०:३५

संगणकाच्या आधी हे लोक खरोखरची नदी बांधायचे, अजूनही बांधतात. खडकवासल्याची जल आणि विद्युत संशोधन संस्था १९१६ पासूनची. कॉलेजात असताना सहलीला गेलो होतो. शेडखाली बंदर, धरणाचा सांडवा, नदीचं वळण, सगळं गुडघ्याएवढं. आम्ही उड्या मारायच्या बेतात होतो, मास्तरांनी दम भरला.

एक प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. पाणी शंभर पटीने लहान केलं, मग वाळूचा कण शंभर पटीने लहान कुठून आणतात?

---

पाटकरी | मंगळवार, दुपारी १२:४०

आणत नाहीत, हाच तर पेच. ०.२ मिमीची वाळू शंभराने भागली की ०.००२ मिमी, म्हणजे वाळू राहिलीच नाही, चिकणमाती झाली. ती सुटी वाहत नाही, चिकटून बसते. म्हणून कण लहान करण्याऐवजी हलका करतात: कोळशाची पूड, प्लॅस्टिकचे दाणे. पुष्कळदा उभी आणि आडवी मापेही वेगळी ठेवतात, नाहीतर नदी कागदाएवढी पातळ होईल. वेळही आखडतो. १:१०० च्या नमुन्यात काळ दहा पटीने भराभर जातो, दहा तासांचा पूर एका तासात संपतो.

---

कातळकन्या | मंगळवार, दुपारी २:१५

सगळी नदीकडे गेली, माझा डोंगर कुठवर आला?

---

थेंबेथेंबे | गुरुवार, रात्री १:१०

ताई, आला. दोन रात्री लागल्या.

आता दोन टप्पे आहेत. आधी काकांचा नियम: प्रत्येक घराचं पाणलोट क्षेत्र, त्याचं वर्गमूळ, उतार, आणि ताईंचा थरांचा आकडा. पाऊल पाचशे वर्षांचं. मध्येच खड्डे तयार होऊन पाणी अडायचं, ते आधी काठोकाठ भरून पुढे वाट काढून द्यावी लागली. हा सांगाडा झाल्यावर बारीक नक्षीकामाला माझे जुने थेंब.

पायऱ्या आल्या, नद्या आल्या, दऱ्या खाली रुंद होत गेल्या. पश्चिमेचा कडा पूर्वेकडे सरकतोय हे चलच्चित्रात स्पष्ट दिसतं. आणि एक अनपेक्षित गोष्ट: कोकणात उतरणाऱ्या एका ओढ्याने मागे खात खात घाटमाथा ओलांडला आणि पूर्वेला जाणाऱ्या नदीचं डोकंच पळवलं! आधी बग समजून दोन तास शोधत बसलो.

तक्रारी तीन. पायऱ्या क्रिकेटच्या स्टेडियमसारख्या दिसतात, फार शिस्तीत. कडे काही काळाने मऊ पडून उतरंड होतात. आणि कोकणकडा काही केल्या येत नाही.

---

कातळकन्या | गुरुवार, सकाळी ८:२०

ती नदीची चोरी बग नाही, तिला आम्ही शिकवताना हेच नाव देतो. पश्चिमेच्या ओढ्यांना उतार तीव्र, पाऊस प्रचंड, त्यामुळे ते मागे खाणारच. त्यावरून आठवलं, पाऊस सगळीकडे सारखा ठेवला आहे का? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या पुढे पाऊस, आणि घाट उतरून वाईला आलात की त्याच्या पाव हिस्साही नाही. माथ्यावर आणि पश्चिमेला भरपूर पाडा, पूर्वेला हात आखडता घ्या.

स्टेडियम: लाव्हाचे थर ताटासारखे सगळीकडे सारख्या जाडीचे नसतात. कित्येक भिंगासारखे, मधे जाड आणि कडेला निमुळते होऊन संपणारे. थरांची जाडी जागेनुसार हलकेच बदलू द्या, काही थर मध्येच संपवा. लांबून रेघ जुळली पाहिजे, जवळून ती तुटली पाहिजे.

कडे मऊ पडतात ते दोन कारणांनी. तुमच्या कोसळण्याच्या नियमात (उतार अमुक कोनाहून उभा झाला की माल ढासळतो) सगळ्या मालाला एकच कोन दिला असणार. घसाऱ्याला ३५ अंश ठीक, पण काळ्या कातळाला ८० द्या. दुसरं कारण तुमच्या गणिताच्या पद्धतीत असावं, तीक्ष्ण पायरी मोठ्या पावलात पुसट होते. ते काकांना विचारा.

कोकणकडा विसरा. तो वरून पुढे झुकलेला आहे, आत वाटीसारखा. तुमच्या तक्त्यात एका घराला एकच उंची, म्हणजे डोक्यावर छप्पर ठेवायला जागाच नाही. अर्धा सह्याद्री, गुहा, लेणी, टाकी, सगळं त्या दुसऱ्या उंचीत आहे.

---

पाटकरी | गुरुवार, सकाळी ९:००

पाऊल पाचशेचे पन्नास करा. पायरी पुसट होणे पुष्कळ कमी होईल.

---

नळीची_वाट | गुरुवार, सकाळी ९:४५

आणि नाळ? डोंगराला वरपासून खालपर्यंत उभी चीर. ती पायऱ्या बियऱ्या जुमानत नाही, सगळे कातळटप्पे कापत सरळ खाली येते. तिच्याशिवाय वर जायचं कसं?

---

कातळकन्या | गुरुवार, सकाळी १०:३०

पुष्कळ नाळा भेगांवर किंवा डाइकवर असतात. डाइक म्हणजे थर कापून उभा घुसलेला लाव्हा, डोंगरात उभी रोवलेली फळी. काही ठिकाणी तो आजूबाजूच्या खडकापेक्षा टणक, मग भिंतीसारखा उभा राहतो. काही ठिकाणी आडव्या सांध्यांनी तुकडे तुकडे झालेला, मग तोच आधी झिजतो आणि नाळ पडते. तुमच्या तक्त्यात एक-दोन घरं रुंदीचा तिरका पट्टा घ्या, सगळ्या उंचींवर मऊ.

---

बटाटेवडा | गुरुवार, सकाळी १०:४५

अजूनही फार कळत नाहीये, पण ऑफिसमध्ये दर अर्ध्या तासाने हा धागा उघडतोय.

---

थेंबेथेंबे | रविवार, पहाटे ४:३०

चित्र टाकलंय. पश्चिमेला चौपट पाऊस, तुटक थर, कातळाला ८० अंश, पन्नास वर्षांचं पाऊल, आणि डावीकडून तिसऱ्या सोंडेजवळ एक मऊ डाइक. मुद्दाम काही खुणा केलेल्या नाहीत. नळीची_वाट, बघून सांग.

---

नळीची_वाट | रविवार, सकाळी ७:५०

दहा मिनिटं मोठं करून बघितलं.

डावीकडच्या नाळेने जाईन. खालचा जंगलाचा टप्पा सोपा, दोन तास. पहिला कातळ उजवीकडून वळसा घालून टळतो. तिथून पट्टा धरून आडवं, मग नाळेत. नाळेत दुसऱ्या टप्प्यावर दोर लागेल, तिथे तुझा धबधबा पडत असणार पावसाळ्यात. नाळेत धोंडे दिसत नाहीत, ते चूक आहे. माथ्याला पोचायला एकूण सात तास धर.

मधला उजवा पट्टा खोटा वाटतो, इतका रुंद पट्टा एवढ्या उंचीवर मी पाहिलेला नाही.

---

पाटकरी | रविवार, सकाळी ८:३०

धोंड्यांचे सांगतो. नाळेचा उतार ५ टक्के जरी असेल आणि पाणी दीड मीटर आले, तरी एक मीटर व्यासाचा धोंडा हलू शकतो. नाळ तर त्याहून कितीतरी उभी. म्हणजे मोठ्या पावसात धोंडे खाली जातात आणि कड्यावरून नवे पडतात. दोन्ही हिशोब ठेवा.

---

थेंबेथेंबे | रविवार, सकाळी ११:००

धोंडे यादीत. रुंद पट्टा बघतो, तिथे दोन मऊ थर एकावर एक आलेत बहुतेक.

---

नळीची_वाट | रविवार, सकाळी ११:०५

आणि वाटेत पाणी कुठे मिळेल ते पण दाखव. सात तासांचा चढ आहे.

---

थेंबेथेंबे | रविवार, सकाळी ११:०६

अडीच लाख थेंब टाकलेत रे वरून, अजून किती?

---

कातळकन्या | रविवार, सकाळी ११:२०

तांबड्या थराच्या वर शोधा. तिथे झरा असेल.